वेगवीर हेन्री सीग्रेव्ह

पहिले महायुद्ध संपले आणि मोटार हे यंत्र झपाट्याने सुधारू लागले. ती ताशी किती मैल धावू शकेल, हा प्रश्न त्या काळी यंत्रशाळांतून आणि वृत्तपत्रांतून मोठ्या हौसेने चर्चिला जात असे. ताशी दोनशे मैलांचा वेग म्हणजे एका सेकंदात जवळजवळ तीनशे फूट अंतर. इतक्या वेगाने जमिनीवरून धावणे शक्य आहे, असे पुष्कळांना वाटत नसे. ज्या मोजक्या माणसांनी या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष मोटारीत बसून दिले, त्यांत सर हेन्री सीग्रेव्ह याचे स्थान फार वरचे आहे.

धाडसी माणसे जगात पुष्कळ होऊन गेली. जीव तळहातावर घेऊन धावणाऱ्यांची तर शर्यतींच्या मैदानावर कधीच वाण नव्हती. सीग्रेव्हचा स्वभाव मात्र निराळा होता. संकटात उडी घेण्यापूर्वी त्याची खोली मोजून पाहण्याची त्याला सवय होती. आपले यंत्र कोठे दगा देऊ शकेल याचा तो आधी विचार करी, त्यावर शक्य तो उपाय करून घेई आणि मगच सुकाणूचक्र हाती धरी.

हेन्रीचा जन्म २२ सप्टेंबर १८९६ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी झाला. त्याचे वडील आयर्लंडचे, आई अमेरिकन. बालपण आयर्लंडमध्ये गेले आणि शिक्षणासाठी तो इंग्लंडमधील ईटन या विख्यात शाळेत दाखल झाला. १९१४ साली महायुद्धाचा वणवा पेटला तेव्हा तो अवघा सतरा-अठरा वर्षांचा होता. त्या वयातील हजारो तरुणांप्रमाणे त्यानेही सैनिकाचा वेष चढवला. १९१५ मध्ये रणांगणावर तो जखमी झाला. जखम भरून येताच त्याने पायदळ सोडून विमानदलात प्रवेश मिळवला. पुढच्याच वर्षी शत्रूच्या तोफांनी त्याचे विमान पाडले. प्राण वाचले, परंतु पायाला गंभीर दुखापत झाली.

आकाशातून कोसळलेला मनुष्य पुढे यंत्रापासून दोन हात दूर राहिला असता, तर त्याला कोणीही नावे ठेवली नसती. सीग्रेव्हची यंत्रांविषयीची जिज्ञासा मात्र या अपघाताने अधिकच वाढली. युद्धाच्या अखेरीस विमानदलाच्या कामासाठी तो अमेरिकेत गेला असता तेथे त्याला मोटारींच्या शर्यतींची गोडी लागली. तत्पूर्वी, १९१७ साली, डोरिस स्टॉकर या रंगभूमीवरील अभिनेत्रीशी त्याचा विवाह झाला होता.

युद्ध संपल्यावर तो ब्रूकलँड्स येथे येऊ लागला. लंडनच्या नैर्ऋत्येस असलेली ही धावपट्टी १९०७ साली खास मोटारींसाठी बांधण्यात आली होती. ती काँक्रीटची होती आणि तिची वळणे एखाद्या थाळीच्या काठाप्रमाणे बाहेरच्या बाजूस उंच उचललेली होती. त्यामुळे वेग फारसा कमी न करता मोटारीला वळता येई. १९२० साली जुन्या बनावटीची एक ओपेल मोटार घेऊन सीग्रेव्ह या धावपट्टीवर उतरला. भर वेगात तिचा टायर फुटला. तशाही स्थितीत त्याने मोटार उलटू दिली नाही. जाणत्या लोकांचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले ते या प्रसंगापासून.

१९२१ साली फ्रान्समधील ग्रां प्री शर्यतीत भाग घेण्याची संधी त्याला मिळाली. ग्रां प्री म्हणजे त्या काळच्या मोटारशर्यतींतील सर्वांत मानाची स्पर्धा. तिचा रस्ता दगडधोंड्यांनी इतका भरलेला होता की, सीग्रेव्हच्या मोटारीचे टायर एकामागून एक फुटत गेले. प्रत्येक वेळी उतरायचे, चाक बदलायचे, पुन्हा धावायचे! विजयाची आशा केव्हाच मावळली होती. तरीही त्याने शर्यत अर्ध्यावर सोडली नाही आणि नवव्या क्रमांकाने ती पुरी केली. नववा क्रमांक हा काही पराक्रम म्हणून सांगण्यासारखा नव्हे. पण वेगाने धावणारे चालक मालकांना अनेक मिळतात, मोडकळीस आलेली मोटार शेवटपर्यंत नेणारा क्वचितच मिळतो. सीग्रेव्हचे संघातील स्थान पक्के झाले. त्याच वर्षी ब्रूकलँड्स येथील दोनशे मैलांची शर्यतही त्याने जिंकली.

यानंतर आला २ जुलै १९२३ चा दिवस. फ्रान्समधील तूर या गावाजवळ त्या वर्षीची ग्रां प्री भरली होती. एकंदर अंतर सुमारे पाचशे मैलांचे. म्हणजे सहा-साडेसहा तास त्या धुळीत आणि उन्हात मोटार हाकायची. इटलीच्या फियाट मोटारींत या वेळी एक नवी युक्ती योजलेली होती. इंजिनात अधिक हवा जोराने कोंबणारे यंत्र त्यांना जोडलेले असल्याने त्यांची शक्ती इतरांहून पुष्कळ वाढली होती. सीग्रेव्ह चालवीत होता ती सनबीम मोटार इंग्लंडच्या वुल्व्हरहॅम्प्टन गावी तयार झालेली. गंमत अशी की, तिचा आराखडा करणारा बेर्तारिओने हा यंत्रज्ञ स्वतः इटालियन असून पूर्वी फियाटच्याच नोकरीत होता.

शर्यत सुरू होताच फियाट मोटारी पुढे निघून गेल्या. इकडे सीग्रेव्हच्या मोटारीचा क्लच घसरू लागला. इंजिन गर्जना करी, परंतु त्याची सर्व शक्ती चाकांपर्यंत पोहोचत नसे. अशा वेळी उतावळा चालक इंजिन अधिकच ताणतो आणि मोटार मोडून बसतो. सीग्रेव्हने तसे केले नाही. मोटारीला झेपेल तेवढाच वेग ठेवून तो फेऱ्यांमागून फेऱ्या पुऱ्या करीत राहिला. काही तासांनी क्लचचा एक लहानसा भाग तुटून पडला आणि आश्चर्य असे की, त्यानंतर क्लच घसरायचा थांबला! तोपर्यंत फियाट मोटारींचीही दशा फिरली होती. हवा कोंबणाऱ्या यंत्रांनी हवेबरोबर रस्त्यावरील धूळ आणि खडेही आत ओढून घेतले होते. एकेक फियाट रस्त्याच्या कडेला थांबू लागली. अखेर ताशी पंचाहत्तर मैलांची सरासरी राखून सीग्रेव्ह सर्वांच्या आधी अंतिम रेषेवर आला. इंग्लंडमध्ये तयार झालेल्या मोटारीने, इंग्रज चालकाच्या हातून, ग्रां प्री जिंकण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

यात नशिबाचा भाग होता, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु नशीब दार ठोठावीत आले तेव्हा सीग्रेव्हची मोटार चालू होती. इतर अनेकांच्या मोटारी बंद पडल्या होत्या.

दुसऱ्या वर्षी स्पेनमधील सान सेबास्तियान येथील ग्रां प्री त्याने जिंकली. या विजयाला मात्र दुःखाची किनार होती. त्याच शर्यतीत त्याचा सहकारी केनेल्म ली गिनेस याच्या मोटारीला भीषण अपघात झाला. गिनेस जबर जखमी झाला आणि त्याच्या शेजारी बसलेला यंत्रसाहाय्यक बॅरेट मरण पावला. गिनेस पुन्हा कधीही शर्यतीत उतरला नाही. त्या काळच्या शर्यतींत चालकाच्या डोक्याला साधे शिरस्त्राणही नसे. जो विजयमाला घेऊन परत येई, त्याला आपण कोणाच्या शेजारून वाचून आलो आहोत, हे ठाऊक असे.

शर्यतीत मनुष्य दुसऱ्या मोटारीशी झुंजतो. वेगाच्या विक्रमात त्याला समोर कोणी दिसत नाही. त्याची स्पर्धा घड्याळाशी असते. या विक्रमाचा नियम असा की, मोजलेल्या एका मैलावरून मोटार एकदा जावयाची आणि ठराविक अवधीत उलट दिशेने परत यावयाची. दोन्ही फेऱ्यांची सरासरी हाच खरा वेग. वाऱ्याचा फायदा एका बाजूने मिळाला तर दुसऱ्या बाजूने त्याची भरपाई व्हावी, हा त्यातील हेतू. १६ मार्च १९२६ रोजी इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील साउथपोर्ट येथे, ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूवर, सीग्रेव्हने ताशी १५२.३३ मैलांचा विक्रम केला. तो फार दिवस टिकला नाही. पुढच्याच महिन्यात पॅरी-टॉमस या वेल्श यंत्रज्ञाने ताशी १७१ मैल गाठले आणि १९२७ च्या फेब्रुवारीत माल्कम कॅम्बेल त्याच्याही पुढे, १७४ मैलांवर गेला.

आता सीग्रेव्हने थेट दोनशे मैलांवर दृष्टी ठेवली. त्याच्यासाठी तयार झालेली सनबीम मोटार सुमारे चार टन वजनाची होती. तिच्यात विमानाची दोन इंजिने होती, एक चालकाच्या पुढे व दुसरे पाठीमागे. इंजिनांची शक्ती मागील चाकांना जाड साखळ्यांनी पोहोचत असे. खरी चिंता टायरांची होती. चाक जितके वेगाने फिरते तितके त्यावरील रबर बाहेर फेकले जाऊ पाहते. या मोटारीसाठी खास टायर बनवण्यात आले. तरी पूर्ण वेगात तीन-साडेतीन मिनिटांपलीकडे ते टिकतील याची हमी कारखान्याने दिली नाही. आपण ज्या चाकांवर बसलो आहोत त्यांचे आयुष्य मिनिटांत मोजलेले आहे, हे जाणून सीग्रेव्हने ती मोटार स्वीकारली.

एवढा वेग घेण्यास आणि नंतर थांबण्यास काही मैलांचा सरळ रस्ता हवा. इंग्लंडच्या किनाऱ्यांवर तेवढी जागा नव्हती. म्हणून त्याने अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याचा डेटोना किनारा निवडला. तेथे ओहोटीच्या वेळी कठीण वाळूचा वीसेक मैल लांबीचा सपाट पट्टा उघडा होतो. याच सुमारास, ३ मार्च १९२७ रोजी, पॅरी-टॉमस वेल्सच्या पेंडाइन किनाऱ्यावर आपला विक्रम परत मिळवू पाहत असताना मोटार उलटून ठार झाला. त्याच्या मोटारीची साखळी तुटून हा घात झाला, असा त्या वेळी समज होता. सीग्रेव्हचीही मोटार साखळ्यांवरच चालणारी होती. मात्र तिच्या साखळ्या पोलादी आवरणात बंदिस्त केलेल्या होत्या.

२९ मार्च १९२७ रोजी हजारो लोकांच्या साक्षीने सीग्रेव्ह डेटोनाच्या वाळूवर उतरला. समुद्रावरून येणारा वारा मोटारीला बाजूस ढकलू पाहत होता. ती सरळ ठेवण्यासाठी त्याला सर्व बळ एकवटावे लागले. मोजलेला मैल मागे पडला, पण ब्रेक इतके तापले की निकामी झाले. तेव्हा त्याने मोटार किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात घातली आणि पाण्याच्या अडथळ्याने वेग आटोक्यात आणला. टायर बदलून तो परत धावला. दोन्ही फेऱ्यांची सरासरी निघाली ताशी २०३.७९ मैल, म्हणजे सुमारे ३२८ किलोमीटर. मैलभर अंतर त्याने अठरा सेकंदांच्याही आत ओलांडले होते. मोटारीने दोनशे मैलांचा उंबरठा ओलांडण्याची ही पहिलीच वेळ.

या यशानंतर त्याने शर्यतींतून अंग काढून घेतले आणि चक्क एका सिमेंट कंपनीत काम पत्करले. परंतु १९२८ साली आधी कॅम्बेलने आणि मग अमेरिकेच्या रे कीचने त्याचा विक्रम मागे टाकला, तेव्हा तो पुन्हा सिद्ध झाला. कॅप्टन आयर्व्हिंग या कुशल यंत्रज्ञाने त्याच्यासाठी जी मोटार रचली, तिचे नाव ‘गोल्डन अ‍ॅरो’, म्हणजे सोनेरी बाण. ती नावाप्रमाणेच लांब, निमुळती आणि सोनेरी होती. तिच्यात विमानाचे नऊशेहून अधिक अश्वशक्तीचे इंजिन होते. ते थंड राखण्यासाठी बर्फाची योजना केलेली होती आणि मोटार सरळ रेषेत ठेवता यावी म्हणून बंदुकीला असते तशी नेम धरण्याची दुर्बीण चालकापुढे बसवली होती. डेटोनाची वाळू सपाट होण्याची वाट पाहण्यात बरेच दिवस गेले. अखेर ११ मार्च १९२९ रोजी सीग्रेव्हने ताशी २३१ मैलांचा वेग गाठला. जुन्या विक्रमावर त्याने एकदम चोवीस मैलांची भर घातली होती.

दोनच दिवसांनी त्याच किनाऱ्यावर ली बायबल हा अमेरिकन चालक सीग्रेव्हचा विक्रम मोडण्यासाठी उतरला. त्याची ‘ट्रिप्लेक्स’ मोटार तीन विमानी इंजिनांची, अवजड आणि आवरण्यास कठीण होती. तिच्यावर आदल्या वर्षी विक्रम करणाऱ्या कीचने ती पुन्हा चालवण्यास साफ नकार दिला होता. बायबलला इतक्या वेगाचा सराव नव्हता. मोटार भरकटली, वाळूच्या टेकड्यांवर आदळली आणि बायबलबरोबरच चित्रीकरण करीत असलेला एक छायाचित्रकारही प्राणास मुकला. सीग्रेव्ह आणखी एकदा धावून आपलाच विक्रम वाढवील, अशी अपेक्षा होती. तो बेत त्याने सोडला आणि जमिनीवरील विक्रमासाठी तो पुन्हा कधीही उतरला नाही. ‘गोल्डन अ‍ॅरो’ आपल्या सबंध आयुष्यात सुमारे वीसच मैल धावली. आता ती इंग्लंडमधील ब्यूली येथील संग्रहालयात आहे. थांबावे केव्हा, हे सीग्रेव्हला जमिनीवर बरोबर कळले, असेच म्हटले पाहिजे.

त्याच वर्षी इंग्लंडच्या राजाने त्याला ‘सर’ हा किताब दिला. परंतु त्याचे लक्ष आता पाण्याकडे लागले होते. त्याच मार्च महिन्यात मायामी येथे ‘मिस इंग्लंड’ या वेगवान होडीतून त्याने अमेरिकेचा नामांकित नौकापटू गार वुड याला हरवले. वुड हा अनेक वर्षे अजिंक्य होता. त्या दिवशी त्याच्या होडीचे सुकाणू मोडले, हेही येथे सांगितले पाहिजे.

यानंतर तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांच्या आर्थिक साह्याने ‘मिस इंग्लंड दुसरी’ तयार झाली. तिच्यात रोल्स-रॉइस कंपनीची दोन शक्तिशाली विमानी इंजिने होती. दोन्ही मिळून साडेतीन हजारांहून अधिक अश्वशक्ती! अशी होडी भर वेगात पाण्यातून जात नाही, ती पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जाते. तिच्या तळाला एक पायरी असते आणि वेग वाढला की होडीचा बहुतेक भाग वर उचलला जाऊन ती केवळ तेवढ्या थोड्या जागेवर टेकते. तो थोडा भाग बळकट असेपर्यंत सारे ठीक. आणि वाळूवरून मोटार हाकताना समोरचा रस्ता आधी तपासून घेता येतो. पाण्याखाली काय तरंगत आहे, ते वरून दिसत नाही.

इंग्लंडमधील सर्वांत मोठे सरोवर विंडरमिअर. डोंगरांच्या कुशीत ते सुमारे दहा मैल लांब पसरलेले आहे. १३ जून १९३० रोजी सीग्रेव्ह तेथे ‘मिस इंग्लंड दुसरी’ घेऊन उतरला. रोल्स-रॉइसचा यंत्रज्ञ हॅलिवेल आणि यंत्रसाहाय्यक विलकॉक्स हे त्याच्याबरोबर होते. पहिल्या फेरीत वेग भरला ताशी ९६.४१ मैल, दुसरीत १०१.११. सरासरी झाली ९८.७६. गार वुडचा ९३ मैलांचा विक्रम मोडला गेला होता. जमीन आणि पाणी या दोन्हींवरील वेगाचे विक्रम एकाच वेळी एका माणसाच्या नावावर लागले. असे यापूर्वी कधीच घडले नव्हते.

येथे थांबता आले असते. परंतु शंभराला सव्वा मैलच कमी पडत होता आणि होडीत अजून वेग शिल्लक आहे, हे दुसऱ्या फेरीने दाखवले होते. सीग्रेव्हने होडी तिसऱ्यांदा वळवली. पाहता पाहता तिने शंभराचा आकडा मागे टाकला. आणि भर वेगात ती एकाएकी डोलली, पाण्यावर उसळली आणि उलटली. तळाची ती पायरी फुटली होती. अपघाताच्या जागेजवळ पाण्याने भिजून जड झालेली झाडाची एक फांदी तरंगताना आढळली. तिच्यावर आदळूनच हा घात झाला, असे पुष्कळांनी मानले. होडीच्या तळाची बांधणीच कमकुवत होती, असेही काहींचे मत पडले.

हॅलिवेल बुडाला. विलकॉक्स हात मोडूनही वाचला. सीग्रेव्हला बेशुद्ध स्थितीत बाहेर काढून काठावरील एका घरात नेण्यात आले. काही वेळाने तो शुद्धीवर आला. त्याने आपल्या सोबत्यांची चौकशी केली. विक्रम झाला आहे, हे त्याला सांगण्यात आले. त्याच्या फुप्फुसांना फार मोठी इजा झाली होती. अपघातानंतर दोन-तीन तासांतच त्याचा अंत झाला. त्या वेळी तो तेहतीस वर्षांचा होता. वडिलांनी आपल्या मुलाची रक्षा विमानातून ईटन शाळेच्या क्रीडांगणावर विखुरली.

लेडी सीग्रेव्ह यांनी त्याच वर्षी पतीच्या नावाने एक पारितोषिक ठेवले. जमिनीवर, पाण्यावर वा आकाशात वाहतुकीच्या साधनांची क्षमता सिद्ध करून दाखवणाऱ्या ब्रिटिश साम्राज्यातील व्यक्तीला ते देण्यात येई. त्याचा पहिला मान विख्यात वैमानिक चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ याला मिळाला आणि १९३२ साली तो एमी जॉन्सन या धाडसी वैमानिक स्त्रीकडे गेला. सीग्रेव्हचा जमिनीवरील विक्रम १९३१ च्या फेब्रुवारीत माल्कम कॅम्बेलने ताशी २४६ मैल धावून मोडला. विंडरमिअरच्या तळाशी गेलेली ‘मिस इंग्लंड दुसरी’ वर काढून दुरुस्त करण्यात आली. २ एप्रिल १९३१ रोजी के डॉन या इंग्रज चालकाने ती अर्जेंटिनातील पाराना नदीवर चालवली, आणि दोन्ही फेऱ्यांची सरासरी आली ताशी १०३ मैल.